चुन्याचा चौकोन

व्हिडिओ कॉलवर चांगलं कसं दिसावं हे शिकवायची वेळ कधी आलीच, तर मास्तर म्हणून मी आमच्या चाचांचं नाव सुचवीन. उभ्या रत्नागिरीत फोनच्या पडद्यावर त्यांच्याइतका नीटनेटका चेहरा दुसरा नाही. एरवी माणसं फोन हातात धरून बोलतात तेव्हा निम्मं कपाळ, एक नाकपुडी आणि वर फिरणारा पंखा एवढंच समोरच्याला दिसतं. माझी सून तर मला म्हणते, "बाबा, आज तुमच्या कानाशी बोलतेय मी." चाचांचं तसं नव्हतं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून दुपारी अडीचला ते पडद्यावर येत, तेव्हा मुलाच्या लग्नाला निघालेला बाप दिसावा तसे दिसत.

चाचा म्हणजे माझ्या कुंपणापलीकडचे शेजारी. भाट्याच्या खाडीकाठी आमची घरं. त्यांची सगळी हयात तांडेल म्हणून गेली, म्हणजे मच्छीमार लाँचचं सुकाणू त्यांच्या हाती. चाचींना जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती मुलगी नसीम मस्कतला नर्स आहे. आईच्या आजारपणात ती तिथली नोकरी सोडून आली, दोन वर्षं तिने आईचं सगळं केलं, आणि मग पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज, पुन्हा वशिला नसताना मुलाखती, असं करत चाळिशीला टेकल्यावर परत गेली. शुक्रवारी तिला सुट्टी. म्हणून चाचांचा आठवडा शुक्रवारपासून शुक्रवारपर्यंत चाले.

तयारी गुरुवारीच सुरू होई. दाढी कोरून घ्यायची, सदऱ्याला इस्त्री, टोपी धुऊन तांब्यावर वाळत घालायची म्हणजे गोल राहते. त्यांच्या ओटीची भिंत जांभ्याची, गिलावा न केलेली. त्या लाल भिंतीपुढे आपण काळवंडलेले दिसतो असा त्यांना संशय आला, तेव्हा त्यांनी भिंतीला चुना लावला. सगळ्या भिंतीला नव्हे. फोनमध्ये जेवढी भिंत येते तेवढाच चार बाय चारचा चौकोन. मी विचारलं तर म्हणाले, उरलेली भिंत तिला दिसत नाही, मग तिला चुना कशाला? हनुवटीखाली सावली पडते म्हणून स्टुलावर घासून लख्ख केलेली परात ठेवत आणि खिडकीचा उजेड तिच्यातून तोंडावर घेत. समोर फडताळात दोन सोललेले नारळ, त्यांच्या मधोमध फोन उभा. आणि सगळं झालं की मनगटाला आणि कानामागे अत्तर. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. मस्कतपर्यंत वास जातो का, असं मी विचारलं.

"वास नाय जात, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "पण लावला की माणूस ताठ बसतो."

या थाटात मलाही काम होतं. जाळी ओढून बोटं राठ झाली, त्यामुळे फोन आपलं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फोन वाजला की हिरव्या बटणावर बोट माझं लागे. मग मी त्यांच्या पायाशी पाटावर बसून राहायचं. तिथून मी नसीमला दिसत नसे, मला ती दिसे. बसल्या बसल्या ते हळूच विचारत, "चौकोनात हाय ना?" मी हो म्हटलं की छाती पुढे काढून बोलायला लागत. खुर्चीसुद्धा तिच्या जागेवरून तसूभर हलता कामा नये, म्हणून त्यांनी छिन्नीने जमिनीत चार खळगे पाडले होते. त्यांची नजर सरळ फोनच्या वरच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या बारक्या भोकात. नसीमला याचं कोण कौतुक. तिच्या वॉर्डातल्या मुली म्हणत की सगळ्यांचे वडील आपलं पडद्यात बघत बसतात, तुझे तेवढे डोळ्यांत बघून बोलतात. मी घरी येऊन हिला म्हणालो, चाचांना म्हातारचळ लागलाय. ही म्हणाली, लागू दे, नीटनेटके तरी राहतात. तुमच्या बनियनला किती भोकं आहेत ते बघा आधी.

मग गेल्या वर्षीचा एक शुक्रवार आला. नसीम पडद्यावर आली ती कानात आईच्या बाळ्या घालून. चाचींच्या कानात त्या बाळ्या मी वीस वर्षं पाहिल्या होत्या, मी पाटावरून लगेच ओळखल्या. नसीमने मान जरा डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि विचारलं, "अब्बा, आज काय वेगळं दिसतंय काय माझ्यात?" चाचा कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसले आणि म्हणाले की तब्येत उतरलीय तुझी, जेवत जा नीट. तिने मान सरळ केली. मग हवापाण्याचं बोलली आणि नेहमीपेक्षा लवकर फोन ठेवला.

चाचांनी विचारलं, काय होतं? मी सांगितलं. ते खुर्चीत तसेच बसून राहिले. परातीतला उजेड तोंडावर होता आणि त्या उजेडात मी त्यांचे डोळे पहिल्यांदा नीट बघितले. नारळ कुठला आणि फोन कुठला, हेसुद्धा त्या डोळ्यांना कळत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, काचबिंदू झालाय. भाच्याला घेऊन ते गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उजेड कळे, समोर माणूस आहे हे कळे, चेहरा कळत नसे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. पाण्याखालचा तो दिसत नाही, म्हणून लाँच आत घ्यायची तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या आणि सुकाणू हलू द्यायचं नाही. चाचांनी तेच केलं होतं. खुर्ची खळग्यात, पाठ चौकोनाला, तोंड आवाजाकडे. पडदा दिसतच नव्हता, म्हणून तर नजर बरोबर कॅमेऱ्यात राहत होती. आणि मी त्याला म्हातारचळ म्हणून मोकळा झालो होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

"एकदा नोकरी सोडून आली ती," चाचा म्हणाले. "दुसऱ्यांदा आली तर परत कोण घेल तिला? तुम्ही बोलू नका, मास्तर."

मी बोललो नाही. बरं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. उलट मीही त्या नाटकात शिरलो. त्यांच्या पायाचा अंगठा एकदा दाबला की नसीम गंभीर आहे, दोनदा दाबला की हसतेय, असं आम्ही ठरवलं. एकदा मला लाल मुंगी कडकडून चावली आणि अंगठा दोनदा दाबला गेला. नसीम तेव्हा खोलीतली मैत्रीण नोकरी सोडून गेल्याचं सांगत होती, आणि चाचा तोंडभर हसले. हसतोस कशाला, असं तिने विचारलं. तांडेल तो, सुकाणू कसलं सोडतोय. म्हणाले, आता खोलीत तुला ऐसपैस होईल.

यंदा ईदेला नसीम सुट्टीवर आली. चाचा पहाटेच तयार. तोच सदरा, तेच अत्तर. परात नको म्हटलं तरी परात ठेवलीच. बसायला दुसरी जागा होती, पण खळग्यातल्या खुर्चीतच बसले. नसीम दारातून म्हणाली, "अब्बा." आवाज डाव्या हाताला दारातून आला होता. पण वर्षभर तिचा आवाज आला की तोंड कुठे करायचं हे अंगवळणी पडलेलं. चाचांनी छाती पुढे काढली आणि फडताळातल्या दोन नारळांकडे बघून हसले. "ये, नसीम," ते नारळांना म्हणाले.

ती बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली. नर्स ती, तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, मी मान खाली घातली. मग ती जवळ जाऊन बसली, त्यांची हनुवटी धरली आणि तोंड हलकेच आपल्याकडे वळवलं.

"मी हय हाय, अब्बा. या बाजूस."

मग तिने त्यांचा हात उचलून स्वतःच्या कानाला लावला. त्यांची ती राठ बोटं बाळीवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.  मग चाचांनी विचारलं, "तू परत जाणार ना?"

"जाणार," नसीम म्हणाली. "पण यापुढं चेहरा नको दाखवू मना. नुसता बोल."

ती गेली. आता शुक्रवारी अडीचला साधा फोन येतो. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालून जाते, तशी व्यवस्था नसीम करून गेलीय. फोन लावून द्यायला मी जातो, पण पाटावर बसत नाही, अंगठाही दाबायचा नसतो. परात परत स्वयंपाकघरात गेली. नारळांचं तर कधीच कालवण झालं. पावसाची ओल लागून चुन्याचा चौकोन कडेने पिवळा पडलाय आणि जांभा मधूनमधून डोकावतोय. चाचा खुर्ची खळग्यातून काढून खिडकीशी घेतात, फोन कानाला लावतात आणि खाडीकडे तोंड करून बोलतात. बघणारं कुणी नसतं. तरी सदऱ्याला इस्त्री असते, दाढी कोरलेली असते, आणि फोन वाजायच्या आधी ते आठवणीने कानामागे अत्तर लावतात. मी आता हसत नाही. परवा त्यांनी ती कुपी माझ्यापुढे केली. मी निमूटपणे मनगट पुढे केलं.