काळ्या दगडाच्या खाली

बोअरला पाणी लागलं की गंगाखेडच्या आसपास कुठल्याही शिवारात एकच गोंधळ उडतो. बायका हळदीकुंकू घेऊन धावतात, पोरं चिखलाच्या फवाऱ्यात नाचतात, घरधनी सोयऱ्याधायऱ्यांना व्हिडिओ पाठवत सुटतो. गाडीवरची तमिळ पोरंसुद्धा भाषा न कळता हसायला लागतात. या सगळ्या गर्दीत एकच माणूस जरा हिरमुसलेला असतो, आणि तो म्हणजे बोअरची गाडी ठरवून देणारा एजंट, जीवन सर. पेढा तोंडात टाकतो, "लय भारी झालं" म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण पाणी लागलं म्हणजे गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे आजही खालचं काही दिसलं नाही, ही रुखरुख काही त्याला सोडत नाही.

एजंटाला कोणी सर म्हणत नाही. याला म्हणतात, कारण याच्याकडे बी.ए. आहे, वर बी.एड. आहे आणि शर्टाच्या खिशाला कायम पेन असतो. शाळा तेवढी मिळाली नाही. त्याआधी एक वर्ष तो परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होता आणि त्याचा विषय होता जिऑलॉजी, हे मात्र बायको राजेश्री आणि एक मित्र सोडला तर आता कोणाच्या लक्षातही नाही.

ते एक वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष. आपल्या गावाहून, झरीहून, रोज एसटीनं यायचं, डबा खायचा आणि दुपारभर लाकडी पेट्यांतले दगड हाताळायचे. शिकवणाऱ्या सरांनी एकदा फळ्यावर जिल्ह्याची जमीन उभी चिरून दाखवली. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. त्याचेही थर, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. जीवननं हात वर केला.

"सर, मंग सगळ्यात खालच्या भाकरीच्या खाली काय हाय?"

"परात," सर म्हणाले. वर्ग हसला. हसणं थांबल्यावर सरांनी सांगितलं, की त्याखाली एक गुलाबी दगड आहे, या काळ्यापेक्षा कितीतरी जुना. नांदेड जिल्ह्यात पार देगलूरकडं तो उघड्यावर येतो. आपल्याकडं झाकलेला आहे, पण आहे. या वर्गाखाली आहे आणि तुझ्या झरीखालीही आहे. काळा संपत आला की मधे एखाद्या वेळी वाळूचा थर लागतो, काचेसारख्या पांढऱ्या कणांचा. तो दिसला की समजायचं, तळ आला. त्या दिवशी एसटीत जीवन पायाखालच्या पत्र्याकडं बघत घरी गेला.

वडिलांना, मुंजाजींना, हे वेड कळायला वेळ लागला नाही. "दगडं शिकायला कालेजात कामून जावं लागतंय? आपल्या वावरात ये, मी रोज येचायलोय," ते म्हणाले. माणूस कडक नव्हता, हिशेबी होता. त्यांनी गावातल्या मुख्याध्यापकाला विचारलं, की या विषयावर मास्तरकी मिळते का. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेत हा विषयच नाही, तर मास्तर कशाचा? झालं. दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये जीवन कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपुढं उभा राहिला. अर्ज होता विज्ञान सोडून कला शाखेत, इतिहास विषयात जाण्याचा. पुढं सुगत नावाचा एक मुलगा उभा होता. त्याचा अर्ज नेमका उलटा. एक वर्ष इतिहासात काढून त्याला जिऑलॉजीला यायचं होतं. क्लार्कनं दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुमी दोघं आपसातच अदलाबदल करून घ्या की. मला कामून बेजार करायलाव?"

दोघं हसले. बाहेर येऊन चहा प्याले, आणि चहा संपायच्या आत जीवननं आपल्या वह्या आणि दगड फोडायची हातोडी सुगतला देऊन टाकली. देताना हात जड झाला, हे तो आजही कबूल करतो.

पुढची हकिकत सुगतची सरळ आहे आणि जीवनची वाकडी. सुगत शिकत गेला, परीक्षा देत गेला आणि सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लागला; आता मध्य प्रदेशात कुठल्या तरी डोंगरात तंबू ठोकून राहतो. जीवन बी.ए. झाला, बी.एड. झाला. एका विनाअनुदानित शाळेत चार वर्षं इतिहास शिकवला. अनुदान आज येतंय, उद्या येतंय, असं ऐकता ऐकता शाळाच बंद पडली. मग शिकवणीचा वर्ग काढला, मग मोबाईलचं दुकान, तेही बसलं. शेवटी मेहुण्यानं बोअरच्या धंद्यात ओढलं आणि जीवन गंगाखेडला राहायला आला. ज्या विषयात पोट भरत नाही म्हणून तो सोडून आला होता, पोट भरायला त्याच विषयाच्या तोंडाशी येऊन बसला. फरक एवढाच, की इथं खाली काय आहे हे कोणी विचारत नाही; पाणी आहे का, एवढंच विचारतात.

पण जीवन बघतोच. कॉम्प्रेसरनं वर फेकलेली भुकटी मुठीत घेतो, बोटांनी चोळतो. काळी, करडी, मधेच तांबडी, मधेच पिठासारखी पांढरी. लोकांना वाटतं सर पाण्याचा अंदाज घ्यायलेत. सर कुठल्या भाकरीपर्यंत आलो ते मोजत असतात.

सुगतचा फोन येतो तेव्हा हेच बोलणं निघतं. "अरे, इकडं ये. गुलाबी दगड पाहिजे तर ट्रकभर दाखवतो," तो म्हणतो.

"देगलूरला जाऊन बघितलाय की मी," जीवन म्हणतो. "हात लावून आलोय. पण तो तिथला रे. आपल्या पायाखालचा बघायचाय मला."

गेल्या उन्हाळ्यात मात्र तो अगदी जवळ आला.

पालमच्या वाटेवर धुरपदाबाईंचं तीन एकर रान आहे. नवरा वारलेला, दोन्ही लेक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात. रानात पाणी झालं तर लेकरांना कोयता घ्यावा लागणार नाही, एवढा साधा विचार करून बाईंनी गाडी बोलावली. गाडीपुढं नारळ फुटला आणि काम सुरू झालं. नेहमीच्या खोलीवर पाणी नाही. त्याच्या दुपटीवर नाही. ओल म्हणून नाही. दुपार कलली. कोरड्या भुकटीनं बाभळी पांढऱ्या पडल्या, आणि बघायला जमलेले लोक एकेक करून उठून गेले.

जीवन तोंडाला रुमाल बांधून भोकाशेजारी बसला होता. इतक्या खोल त्याची गाडी आजवर कधी गेली नव्हती. सवयीनं त्यानं मूठ भरली आणि तो थबकला. भुकटीत काहीतरी करकरत होतं. त्यानं बाटलीतलं पाणी तळहातावर ओतलं, काळं धुऊन काढलं. खाली पांढरे, काचेसारखे कण राहिले.

वाळू! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे होतं, किंवा नव्हतं. काळ्या दगडातसुद्धा काचमण्याचे असे पांढरे कण सापडतात, हे त्याला माहीत होतं. खात्री एकाच गोष्टीनं होणार होती. आणखी एक रॉड खाली सोडायचा, फार तर दोन. गाडीवर रॉड शिल्लक होते. ऑपरेटरनं हातानं खूण करून विचारलं, पुढं?

धुरपदाबाई येऊन शेजारी बसल्या. "जीवना, मला यातलं काय कळत न्हाई. तू सांग लेकरा. थांबू का जाऊ दू खाली?"

त्याला फक्त "जाऊ द्या" एवढंच म्हणायचं होतं. कोणी त्याला दोष दिला नसता. पण तळाच्या इतक्या जवळ येऊनही खडखडीत कोरडं असेल, तर खाली पाणी लागायची आशा नाही, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं त्या शिवारात कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या खिशातून एका रॉडचे पैसे भरू, असंही मनात आलं. पण तसं म्हटलं असतं तर बाईंना वाटलं असतं, सरांना पाण्याचा सुगावा लागला. मग त्या एका रॉडवर थांबल्या नसत्या. आणखी एक, आणखी एक करत माणसं कुठवर जातात, हे त्यानं पाहिलेलं होतं. बाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यानं तळहाताकडं बघितलं.

"थांबवा, मावशी," तो म्हणाला. "खाली पाणी न्हाई."

गाडी बंद झाली. एवढ्या आवाजानंतर रान एकदम सुनं वाटायला लागलं. पोरांनी रॉड वर ओढायला घेतले, आणि जीवनच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. रुमालानं झाकायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते बाईंनी बघितलंच.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "माज्या बोअरसाठी तू कामून रडायलास? येडा का काय! माजं काय याच्यावर अडलंय व्हय? जाऊ दे. माजी लेकरं खंबीर हायत." असं म्हणत त्यांनी त्याचा हात ओढून घेतला आणि पदरानं, लेकराचा पुसावा तसा, तळहात स्वच्छ पुसून टाकला. पांढरे कण पदरातून ढेकळांत पडले. जीवन त्या ढेकळांकडं बघत राहिला. त्याला शरम वाटली, आणि तितकाच जीवही भरून आला. यांना काय सांगावं, की मावशी, मी तुमच्यासाठी रडत नाही?

घरी येऊन त्यानं राजेश्रीला सगळं सांगितलं. तिनं त्याचा भुकटीनं भरलेला शर्ट झटकला. मग म्हणाली, "अहो, पण थांबवलं तर तिच्यासाठीच ना? मग रडणं कशाचं का असंना." जीवनला ते पटलं नाही, आणि खोडूनही काढता आलं नाही.

धुरपदाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. लग्नात, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत त्या सांगत सुटल्या. बाकीचे एजंट फुटावर पैसे खातात म्हणून खोल खोल नेतात. हा जीवन सर स्वतः होऊन थांब म्हणाला, आणि दुसऱ्याच्या कोरड्या बोअरसाठी ढसाढसा रडला. एकदा चहाच्या टपरीवर जीवननं खरं सांगायचा प्रयत्न केला, की मला खालचा दगड बघायचा होता हो. लोक हसले. असल्या माणसाला स्वतःचं कौतुक सोसत नाही, म्हणाले, आणि त्याच्या चहाचे पैसे देऊन टाकले.

आता त्याला उसंत नाही. सोनपेठकडून, पालमकडून फोन येतात. शेतकरी नारळ आधी त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "सर, तुमी म्हणताल तितकंच जायचं. तुमी असल्यावर फुकट खोल जायचं भ्याव न्हाई." जीवन "व्हय" म्हणतो, मुठीत भुकटी घेतो आणि वेळ आली की थांबा म्हणतो. धुरपदाबाईंच्या बोअरइतका खोल बोअर त्यानंतर त्याच्या हातून एकही झालेला नाही, आणि लोक म्हणतात, हाच त्या माणसाचा मोठेपणा.