बांधीवरचं जेवण

"कोण कोणाला कशाबद्दल जेवू घालतं, याच्याशी कोर्टाला काय करायचंय?" जजसाहेबांनी माझा प्रश्न उडवून लावला. साक्षीला गावचे पोलीस पाटील उभे होते. आरोपीच्या पिंजऱ्यात माझे पक्षकार, सुखदेवभाऊ.

रानडुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेला चिकटून शेजारचा माणूस त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मेला होता. तार आपली नाही, असं सुखदेवभाऊ सांगत होते. पण तेरवीनंतर त्यांनी बकरा कापून गाव जेवू घातलं होतं. सरकारी वकिलांच्या मते तो गावाने लावलेला दंड, आणि दंड भरला म्हणजे कबुलीच.

मी त्यांना आधी विचारलं होतं, "भाऊ, जेवण काऊन दिलं?"

"बांधी माही होती ना, म्याडम."

एवढंच. मला उलगडा होईना, आणि उलगडा झाला नाही की मला चैन पडत नाही. बचावाची साक्ष द्यायला गावातून कोणी तयार नव्हतं. मयताच्या घराशी वाकडं कोण घेणार? म्हणून पाटलांनाच विचारलं, तर ही अडवणूक.

"साहेब, मग माझा प्रश्न आणि आपला नकार, दोन्ही लिहून घ्या."

"मॅडम, वेळ जातोय."

"जाऊ द्या, साहेब. पण लिहा."

आठ्या घालून त्यांनी स्टेनोला सांगितलं. पुढे शिक्षा झाली. सुखदेवभाऊंच्या बायकोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

अपील म्हणजे नव्याने खटला नव्हे. वरचं कोर्ट खालचे कागद वाचतं. खाली मांडलंच नाही, ते वर सुचलं म्हणून सहसा चालत नाही. हायकोर्टात जजबाईंनी आधी हेच विचारलं, "हा मुद्दा खाली काढला होता?" मी पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"उत्तर आता मलाही हवंय," त्या म्हणाल्या. तेवढ्या एका प्रश्नासाठी पाटलांना पुन्हा खालच्या कोर्टात बोलावलं गेलं.

"ज्याच्या बांधीत माणूस मेला, त्याले गावाले जेवण द्याच लागते, जी. नाई तं त्या बांधीत रोवण्याले कोणी येत नाई."

"चूक कोणाचीही असो?" मी विचारलं.

"मांगं एकाले वाघानं मारलं. तवाही जेवण झालं."

"कोणी दिलं?"

"मीच. बांधी माही होती."

"मग आधी का नाही सांगितलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"सांगतच होतो. साहेबानं थांबवलं."

जेवण कबुली ठरेना, आणि तार त्यांच्या बांधीत होती, एवढ्यावरच शिक्षा टिकेना. सुखदेवभाऊ सुटले, तोवर त्यांचे दोन हंगाम तुरुंगात गेले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ज्युनिअर्सना मी एवढंच सांगते: उत्तर नाही मिळालं तरी चालेल, प्रश्न कागदावर आल्याशिवाय खाली बसू नका.