सतरा नंबरचा पंच

चाकणच्या वर्कशॉपमध्ये सकाळीच कुलदीपशेठच्या तोंडाचा पट्टा सुटला. “चिमाजी, तुझ्या जोडानं आमचं नाक कापलं! उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकू नकोस.” साठीला टेकलेल्या माणसाला अरेतुरे! या पोराला वेल्डिंगची मशीन धरायला शिकवली ती चिमाजीनंच.

दोघांच्या मधे लोखंडाचा एक काळाठिक्कर पाया पडला होता. समुद्रकाठच्या लाँच पॅडवर रॉकेट सुटताना आगीवर पाण्याचा लोंढा सोडतात, त्या पाइपांखालचा. वीस वर्षांपूर्वी तो इथेच बनला. तेव्हापासून दर उड्डाणाला त्यानं आग सोसली आणि दर उड्डाणानंतर पॅडच्या लोकांनी त्याचे जोड तपासले. या खेपेला एक जोड तडकलेला निघाला, म्हणून पाया दुरुस्तीला परत आला. त्या जोडाशेजारी नंबर ठोकलेला होता, सतरा. परीक्षा पास झालेल्या वेल्डरनं स्वतःच्या जोडाशेजारी स्वतःच्या नंबरचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, ठोकायचा, असा नियम. सतरा म्हणजे चिमाजी. लातूरकडून कासारवाडीला राहायला आलेल्या या माणसाची सगळी अब्रू त्या दोन आकड्यांत होती.

तारेचा ब्रश घेऊन चिमाजीनं पाया लख्ख घासला आणि पॅडवरून आलेल्या निरंजनसाहेबांना जवळ बोलावलं. चिमाजी डावखुरा, त्याचा पंच कायम जोडाच्या डाव्या टोकाला. अकरा जोडांवर तो तसाच होता. तडकलेल्या बाराव्यावर मात्र उजव्या टोकाला.

पाया बनला त्या दिवशी माल घ्यायला ट्रक दारात उभा होता. कुलदीपचे वडील नानासाहेब म्हणाले होते, “पोराचा येकच जोड हाय, दे की पंच.” पोरगं परीक्षा पास नव्हतं, तरी चिमाजीनं दिला. त्या मूर्खपणाबद्दल तो वीस वर्षं स्वतःवर चरफडत होता.

“नंबर माझा हाय, साहेब. पंच दिला ती चूकबी माझी. पर हात या कुलदीपशेटचा हाय.”

कुलदीपचं तोंड उतरलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले म्हातारे नानासाहेब म्हणाले, “झालं गेलं इसर की, चिमाजी.”

“लोखंडावर ठोकलंय, मालक. कसं इसरू?”

निरंजनसाहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि जोड आजच नवा हवा म्हणून सांगितलं. तसा जोड करायला पास झालेला शेडमध्ये एकटा चिमाजीच. नानासाहेबांनी हात जोडले. चिमाजीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पॅडशी त्याचं काही भांडण नव्हतं. जुना जोड घासून काढून त्यानं नवा भरला आणि डाव्या टोकाला सतरा ठोकला.

पंच कपाटात ठेवायला कुलदीपनं सवयीनं हात पुढे केला.

“एकदा दिला व्हता,” चिमाजी म्हणाला, आणि पंच खिशात घालून गेटबाहेर पडला.