सत्ताविसावी कुंडी

दिनानाथराव खांबेट्यांची अख्खी नोकरी रोपांना तहानलेलं ठेवण्यात गेली. इंदूरला कपाशीच्या प्रयोगांच्या मळ्यावर ते फील्डमन होते आणि मी तिथलाच कारकून. होळकरांचं राज्य गेलं, मध्यभारत आला, पाट्या बदलल्या. त्यांच्या कुंड्या होत्या तिथंच राहिल्या. चैत्राच्या उत्तरार्धात रोपांचं पाणी तोडायचं आणि एकवीस दिवस कोण कसं तग धरतं ते रोज लिहायचं. कुणी दुपारी पानं मुडपून ऊन चुकवतं, कुणी खालची पानं गाळून शेंडा वाचवतं. हा माणूस सगळं कोरड्या डोळ्यांनी टिपायचा. मला राग यायचा.

एकदा त्यांनीच सांगितलं. लहानपणी पटकीच्या साथीत आई पाणी मागत होती. डॉक्टरांनी पाणी बंद केलेलं, म्हणून यांनी दिलं नाही. ती गेली. तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला तिच्या नावानं तांब्याभर पाणी ते विहिरीजवळच्या लिंबाच्या मुळाशी घालत.

ते ज्येष्ठात रिटायर होणार होते. सत्ताविसाव्या कुंडीतलं वाण त्यांचं स्वतःचं. सांवेर रोडच्या कडेला, खडीत वाढलेल्या एका झाडाची सरकी त्यांनी आणली होती आणि तीन वर्षं निवडून जपली होती. एकवीस दिवस निभावले की ते बियाणं शेतकऱ्यांकडे जाणार होतं. जन्मभराच्या वणवणीचं तेवढंच फळ.

सतराव्या दिवशी अक्षय्य तृतीया आली. उन्हाची लू अशी वाहत होती की डोळे उघडवेनात. दिनानाथराव तांब्या घेऊन लिंबाकडे निघाले आणि कुंड्यांपाशी थबकले. सत्ताविसाव्या कुंडीतल्या रोपाचा शेंडा पहिल्यांदाच कलला होता. त्यांनी तांब्या तिथंच रिता केला.

मी म्हणालो, "खांबेटेजी, मी काही बघितलं नाही. तुम्हीही लिहू नका ना."

ते थकल्यासारखे स्टुलावर बसले आणि रजिस्टरात लिहिलं: कुंडी सत्तावीस, पाणी घातले, बाद.

निरोपाच्या दिवशी हार गळ्यात घालूनच ते कुंड्यांकडे गेले. मी चिडूनच विचारलं, एका तांब्यापायी तीन वर्षं मातीत घातलीत, काय मिळालं?

"दुसऱ्या दिवशी सकाळी मान वर केली हो त्यानं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मला तेवढंच बघायचं होतं."