घागरींच्या रांगेतला होल्ड

शिवणाच्या डब्यात बटणं साठतात, तसे हे किस्से साठले आहेत. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, पण एक काढायला जावं तर चार हाताला लागतात. लातूरच्या आमच्या जुन्या गल्लीतल्या बायका आजही कुठं लग्नाकार्यात भेटल्या, की जेवणाची पंगत उठते पण आम्ही उठत नाही. आणि गंमत म्हणजे बहुतेक किस्से एकाच इंग्रजी शब्दाभोवतीचे!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज नवीन ऑफिसची पाटी लागायची, नवीन साहेब यायचे. पाणी मात्र यायचं नाही. नळ कोरडे, आड आटलेले. आमच्या गल्लीला टँकर यायचा, पण कधी ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून दुपारी जेवणं उरकली की शाळेच्या भिंतीलगत घागरींची रांग लागायची. घागर उभी असली की नंबर पक्का. बायका व्हरांड्याच्या सावलीत बसून राहायच्या.

त्या शाळेत वाघमारे मॅडम इंग्रजी शिकवायच्या. मूळच्या बिलोलीच्या. यजमानांची नव्या जिल्ह्यात बदली झाली म्हणून आलेल्या. आम्हाला रोज नुसतं बसलेलं बघून एके दिवशी त्या खडू घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसलाच आहात, तर रोज थोडं इंग्रजी शिकू या का?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मला केवढा आनंद झाला! बाकीच्या एकमेकींकडं बघून हसल्या. पण हलली कुणीच नाही. हलून जाणार कुठं? नंबर गेला असता ना!

*

पहिलाच शब्द मॅडमनी फरशीवर लिहिला. होल्ड.

राधाक्काची घागर उचलून त्या म्हणाल्या, "आय होल्ड द पॉट. मी घागर धरते. द पॉट होल्ड्स वॉटर. घागरीत पाणी मावतं."

राधाक्का आमच्यात सगळ्यात मोठी, आणि जिभेनं सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "थांबा मॅडम. आपुन घागरीला धरायचं अन् घागरीनं पाण्याला धरायचं, दोन्हीला शब्द एकच?"

"एकच."

"अन् टँकरवाला तिकडं पाणी अडवून बसलाय, त्याला?"

मॅडम हसल्या. "त्यालाही होल्डच. होल्ड बॅक."

राधाक्कानं कपाळाला हात लावला. "अगं बाई! येवढुसा शब्द, अन् सगळी गल्ली त्याच्यात मावली की!"

*

मग रोज त्या शब्दातून काहीतरी नवीन निघायचं. श्वास रोखून धरला, तरी होल्ड. जीभ आवरली, तरी होल्ड. खुर्चीवर अधिकारी आहे, तरी तो ती खुर्ची होल्ड करतो. मीटिंग घेतात, तीही होल्ड.

माझे यजमान कलेक्टर कचेरीत कारकून. नवा जिल्हा म्हणून दिवसभर मीटिंगा. घरी यायला अंधार पडायचा. राधाक्का मला म्हणाली, "आता कळलं का, भावजी उशिरा का येतेत? तिथं मीटिंगीला धरून ठिवतेत, मग ती सुटंल कशी!"

एके दिवशी मॅडमनी होल्ड आउट सांगितलं. पुरणं, तग धरणं. उदाहरण दिलं, 'हाऊ लाँग विल द वॉटर होल्ड आउट?' पाणी कुठवर पुरेल?

सगळ्यांचे डोळे रांगेतल्या रिकाम्या घागरींकडं गेले. शेवटी शेजारची आबिदाबी हळूच म्हणाली, "मॅडम, इंग्रजांच्या मुलखातबी दुष्काळ पडत आसंल का हो? न्हाई तर आसा शब्द त्यांला कशाला लागला आसता?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही भाषासुद्धा माझ्यासारख्याच कुणा बायकांनी बोलून बोलून वापरात आणली असेल.

*

मॅडम म्हणाल्या, "आता उलटं करू. आपलं 'धरणं' किती कामं करतं, सांगा बरं."

झालं! धरणच फुटलं. एक म्हणाली, उपास धरतात. दुसरी म्हणाली, राग धरतात. कुणी म्हणालं, रोप मूळ धरतं, लेकरू बाळसं धरतं, आभाळ धरून येतं. राधाक्का म्हणाली, "माझी कंबर धरलीय." आबिदाबी म्हणाली, "आमच्या धाकट्यानं सायकलीचा हट धरलाय." नेम, वाट, ताल, दम, अबोला! मी थक्क होऊन ऐकत होते. जन्मभर बोलत आलो, पण आपल्या तोंडात एवढं भरलेलं आहे, हे कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायरीवर पावलं वाजली. टँकरचा ड्रायव्हर! कमरेवर हात ठेवून उभा. "ओ बायांनो, कवाचा हॉर्न मारून राहिलो! पाणी नगं का?"

त्या कोरड्या वर्षात टँकर आला आणि आमच्या गल्लीत एकही बाई उठली नाही, असं त्या एकाच दिवशी घडलं. आणि ड्रायव्हरही जाता जाता म्हणाला, "मावशी, एक ऱ्हायलं. माझं चाक रोड धरत न्हाई!"

*

मग मॅडमनी नियम केला. टँकर आला की आपल्या घागरीला हात लावण्याआधी एक इंग्रजी वाक्य म्हणायचं. मगच घागर उचलायची.

मागच्या गल्लीतल्या बायका आमच्याच रांगेत असायच्या. त्या ओरडायच्या, "आवं, पाणी भरायलाव का परीक्षा द्यायलाव?" पण ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झालं. पुढं पुढं सगळी रांग एका सुरात म्हणायची, "आय होल्ड माय पॉट!" आणि घागरी उचलायची.

त्यातच शाळेत एक मोठे पाहुणे आले. स्वागताला डोक्यावर कलश घेतलेल्या बायका हव्या होत्या. आम्हालाच उभं केलं. पाहुणे फाटकातून आत आले, हेडमास्तरांनी खूण केली, "हं, कलश उचला."

आम्ही वाकलो. आणि सवयीनं सगळ्याजणी एका दमात ओरडलो, "आय होल्ड माय पॉट!"

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणे जागच्या जागी थांबले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि आम्हाला हात जोडून नमस्कार केला. त्यांना तो काय मंत्र वाटला, देव जाणे!

*

आता शांताचं सांगते. शांता आमच्यात सगळ्यात लहान. मॅट्रिक झालेली. तिचा नवरा मोंढ्यात हमाल, पण पीकच नाही तर पोती कुठून येणार? सासरे नायगावाकडचे. ते लातूरला येऊन बसले आणि त्यांनी सांगून टाकलं, "पाडव्याला बिऱ्हाड उचला. गावाकडं खडी फोडायचं काम हाय, समदे मिळून करू."

त्याच वेळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरच्या जागा निघाल्या होत्या. शांता सासऱ्यांना म्हणाली, "मामा, येवढी एक मुलाखत देऊ द्या. न्हाई झालं तर मी तुमच्या आधी गाडीत बसते."

मामा म्हणाले, "इंग्लिश बोलून कुनाचं प्वाट भरलंय?" पण जाऊ दिलं. जाऊ दिलं म्हणजे काय, तर तिच्या जागी घागर घेऊन ते स्वतः रांगेत उभे राहिले!

टँकर आला. मामांचा नंबर आला. राधाक्कानं त्यांना अडवलं. "मामा, आधी वाक्य!"

"म्या न्हाई म्हनत."

"तुमच्या सुनंची जागा हाय, सुनंचा नियम हाय."

मॅडम म्हणाल्या, "अहो, राहू द्या. भरू द्या त्यांना पाणी."

पण मामांचा पारा चढला होता. "उपकाराचं पाणी नगं," म्हणून त्यांनी घागर उचलली आणि रिकामीच घेऊन गेले. दिवेलागणीला पार रेल्वेलाइनीपलीकडच्या विहिरीवरून भरलेली घागर खांद्यावर घेऊन आले.

तिकडं मुलाखतीत शांताचं पाठांतर सगळं उडालं. साहेबांनी शेवटी मराठीतच विचारलं, "बाई, हे काम म्हणजे एका जागी तासन् तास बसणं. लोक ओरडतात, लाइन लागत नाही, तरी चिडायचं नाही. जमेल?"

शांता म्हणाली, "सर, मी रोज टँकरची वाट बघते."

साहेब हसले आणि म्हणाले, "या तुम्ही कामावर."

पाडव्याला बिऱ्हाड उचललं गेलं नाही. मामा मात्र नोकरीबद्दल चकार शब्द काढेनात.

*

आणि मग तो दिवस. मी राखीचं पाकीट टाकायला पोस्टात गेले होते. बघते तर मामा! धुतलेलं धोतर, डोक्याला कोरा पटका. टेलिफोनपाशी उभे. त्या वेळी रिसीव्हर उचलला की आधी एक्स्चेंजमधली ऑपरेटर बोलायची.

मामांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडचा आवाज इतका स्वच्छ होता, की मागं मलाही ऐकू आला. "नंबर प्लीज?"

शांताच!

मामा घसा खाकरून म्हणाले, "नंबर न्हाई कुनाचाच."

ड्यूटीवर घरच्यांशी बोलायचं नाही, असा तिथं कडक नियम होता. तिनं आवाज ओळखला असणारच. पण ती तशीच, स्वच्छ, सरळ म्हणाली, "प्लीज होल्ड ऑन, सर."

मामा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. मागं माणसं जमली. कुणी घड्याळ बघायला लागलं, कुणी खोकलं. शेवटी पोस्टमन पुढं झाला. "मामा, कवाचं धरून राहिलात! कोन हाय तिकडं? सूनबाई का?"

मामांनी रिसीव्हरवर तळहात झाकला आणि त्याच्यावर डोळे वटारले.

"हळू बोल की रं! सरकार हाय लाइनीवर."