रेडिओला लागलेलं ऊन

आमच्या रेडिओला ऊन लागलं होतं.

हसू नका. मी चौथी नापास आहे, पण डोकं पास आहे. सक्करदऱ्यात माझं पत्र्याचं दुकान होतं. पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्यात कूलर. घरचा कूलर तर मी स्वतः ठोकलेला. आतली मोटर भंगारातली, पंखा कोण्या गिरणीतला. चालू केला की समोरचा माणूस गारठून जायचा. थोडा खडखडायचा, ते मान्य. पण ज्याच्यात दम आहे तो आवाज करणारच!

रेडिओही साधा नव्हता. लाकडी पेटीचा, लायसनवाला. त्याला मी वायर ओढून दोन जास्तीचे स्पीकर जोडले होते. एक स्वयंपाकघरात फळीवर, दुसरा ओट्यावर रिकाम्या माठात. (माठात ठेवला की आवाज घुमतो. हे कोणत्या पुस्तकात नाही, मी शोधलं.) म्हणजे घरात कुठंही बसा, आवाज तीन बाजूंनी अंगावर यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात खरखर सुरू झाली. तीन स्पीकर म्हणजे तिप्पट खरखर! घरात बसलं की असं वाटे, तिन्ही कोपऱ्यांत कोणीतरी पापड तळून राहिलं आहे.

ही खरखर एरवी मी सोसली असती. पण आमच्या कमलचं गाणं लागणार होतं. कमल म्हणजे माझी बायको. मोहल्ल्यातल्या बायांचं भजनी मंडळ रेडिओवर गायला गेलं होतं. तिथल्या बाईंनी कमलच्या तोंडून एक जात्यावरची ओवी ऐकली आणि तिच्या एकटीच्या आवाजात भरून घेतली. शेजारी देवरावची आटाचक्की लागल्यापासून आमचं जातं कोपऱ्यात गेलं होतं, आणि जात्यासोबत तिचं गाणंही. घरात किती वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. आता ते गुरुवारी दुपारी साडेबाराला बायांच्या कार्यक्रमात लागणार होतं. एकदाच. हुकलं तर हुकलं.

मोहल्लाभर मी सांगून ठेवलं, सगळ्यांनी आमच्याच घरी यायचं. मेकॅनिककडे न्या म्हणाले लोक. मी म्हटलं, ज्यानं तीन स्पीकर जोडले त्याला एक खरखर काढता येत नाही होय?

आणि मी बारीक लक्ष ठेवलं. सकाळी सहाला भजनं एकदम साफ. दहाला कूलर हळू लावला, की थोडी कुरकुर. बाराला ऊन तापलं, आम्ही कूलर जोरात केला, दारं लोटली, की खरखर शिगेला. संध्याकाळी गार झालं, कूलर बंद केला, की पुन्हा साफ. आता याचा अर्थ लहान पोरालाही कळेल. रेडिओला ऊन लागत होतं!

इलाजही सरळ होता. मी कूलर उचलला आणि रेडिओच्या थेट तोंडासमोर ठेवला.

खरखर दुप्पट झाली. म्हणजे दुखणं जुनं होतं. मी वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या, पाण्यात बर्फ टाकला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ जळते दिवस, तोंडावर आला होता, त्यात आम्ही उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतोच. रेडिओला खिसा नाही, म्हणून एक पांढरा कांदा त्याच्या डोक्यावर ठेवला.

कमल दोन दिवस कांदा उचलून रेडिओ पुसत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अवो, तो कूलर घडीभर बंद करून पाहा ना."

"तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळावरची ओली पट्टी काढते का कोणी?" मी म्हटलं.

ती कांद्याकडे पाहत आत गेली.

मग माझा संशय चक्कीवर गेला. देवरावचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. चक्कीची गरमी भिंतीतून रेडिओत येत असणार. मी जाऊन त्याला चक्की थांबवायला लावली. बाया डबे घेऊन रांगेत ताटकळल्या. देवराव स्वतः आमच्या घरात येऊन उभा राहिला, भुवयांवर पीठ. कूलर सुरू, रेडिओ सुरू, खरखर सुरू.

"माही चक्की बंद हाये," देवराव म्हणाला. "तुह्या रेडिओची तं चालूच हाये गा!"

मी त्याला समजावलं की भिंत थंड व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तो कपडे झटकत निघून गेला. पीठ आमच्या घरात राहिलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं काटोलहून कमलचा मोठा भाऊ आला. एका हातात कैऱ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. हे दुसरं हत्यार त्यानं मुद्दाम मला खाली पाहायला लावण्यासाठी आणलं होतं.

"जवाईबापू, गाण्याच्या टायमाले हा लावा. सेलवर चालते."

"माह्या घरात माह्या बायकोचा आवाज काटोलच्या डबड्यातून येणार नाही."

तरी त्यानं तो कूलरशेजारी ठेवून चालू केलाच. खर्रर्र! मला इतका आनंद झाला की मी त्याला पाटावर बसवून स्वतः पाणी आणून दिलं. बिचाऱ्या ट्रान्झिस्टरलाही एसटीत ऊन लागलं होतं.

सव्वाबाराला खोली भरली. बाया, डबे, देवराव, साळा. तिन्ही कोपऱ्यांत पापड तळणं जोरात. कमल दाराशी बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ते पाहून मी उठलो. एकच उपाय उरला होता, छतावरचा एरियल. मी ओला दुपट्टा कानांवरून तीन वेढे आवळून बांधला (लू, म्हणजे तापलेला वारा, कानातून शिरते) आणि शिडी चढलो.

आमचं छत पत्र्याचं. माझ्याच हातचा पत्रा, आणि मे महिन्यातले साडेबारा! चढताना एक चप्पल खाली पडली. उघडा पाय टेकला आणि लगेच उचलला. एरियलचा बांबू दोन्ही हातांनी वर धरला. असा मी एका पायावर उभा होतो, तेवढ्यात साळा अंगणात धावत येऊन दोन्ही हात हलवायला लागला. दुपट्ट्यातून एवढंच कानात शिरलं, "झालं! तसेच राहा!"

मी तसाच राहिलो. आवाज साफ झाला होता. माझ्या पायामुळे! एक बोट हललं तरी कमलचं गाणं मोडेल, या विचारानं मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. कान बांधलेले, मला अक्षर ऐकू आलं नाही. घामाच्या धारा, समोर काजवे. कार्यक्रम संपेपर्यंत मी बगळ्यासारखा उभा होतो. नंतरचं आठवत नाही. देवरावनं मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून उतरवलं म्हणतात.

डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होतो. साळ्याच्या कैऱ्यांचं पन्हं पोटात, रेडिओच्या डोक्यावरचा कांदा माझ्या खिशात. आणि कूलर माझ्या थेट तोंडासमोर, पूर्ण जोरात.

देवराव कानाशी वाकून सांगत होता. मी वर चढलो तशी कमल उठली होती. तिनं कूलरचं बटन बंद केलं, आणि तिन्ही स्पीकर काचेसारखे साफ झाले. बाया रडल्या. साळा रडला. देवराव स्वतः रडला, गालावरच्या पिठाची कणीक झाली.

"योगायोग," मी म्हटलं. "त्याच वेळी मी पाय उचलला होता."

सगळे गेल्यावर कमल उशाशी येऊन बसली. म्हणाली, "तुमी एकट्यानंच नाही आयकलं."

"आयकलं ना. वरून चांगलं आयकू येते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग थोडी सावरून बसली, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलायला लागले. कूलर खडखडत होता. मला एक शब्द कळेना. 'कूलर बंद कर', एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर आठ दिवसांचा कांदा, बर्फ, चक्की, छत, सगळं पाण्यात गेलं असतं. मी मान डोलावत राहिलो. दोनदा 'वा' म्हटलं.

ओठ थांबले. तिनं डोळे उघडले.

"कसं झालं?"

"लय गोड," मी म्हटलं. "शब्दन् शब्द साफ."

"मी गायलीच नाही," कमल म्हणाली. "नुसते ओठ हालवून राहिली होती."

मी डोळे मिटले, खिशातला कांदा घट्ट धरला, आणि मला पुन्हा ऊन लागलं.