दोष मनगटाचा नव्हता

म्हैसूरच्या आमच्या नेमबाजी क्लबात तीन पिस्तुलं आहेत आणि बरीच वर्षं त्यांची निगा माझ्याकडे होती. मला कोणी नेमलं नव्हतं. मीच मागे लागून ते काम घेतलं. नाशिकहून नोकरीसाठी इथे आलो, कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम मिळालं, आणि ती सवय रविवारीही सुटेना. सकाळी सातला रेंजवर जायचं, टेबलावर पांढरं कापड अंथरायचं, ब्रश, तेल आणि जुन्या बनियनचे तुकडे मांडायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिस्तूल कसं चालतं हे न विचारता सांगायचं. बायको म्हणायची, "घरातला मिक्सर तीन महिने बंद आहे, आणि हे चाललेत देशाची शस्त्रं सांभाळायला."

तर न विचारता तुम्हालाही सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट एवढ्याशा भागावर उभी आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून गोळी सुटली की वरची स्लाइड झटक्यात मागे जाते. स्लाइडच्या तोंडाशी एक छोटा पोलादी आकडा असतो. त्याचं खरं नाव एक्स्ट्रॅक्टर. आम्ही नखी म्हणतो. ही नखी रिकाम्या पुंगळीची कड पकडते आणि तिला चेंबरमधून ओढून बाहेर काढते. जागा मोकळी झाली की स्लाइड पुढे येताना नवं काडतूस आत ढकलते. नखीची पकड सुटली तर पुंगळी आतच बसून राहते, मागचं काडतूस तिच्यावर येऊन आपटतं, आणि सगळा कारभार ठप्प.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तीन नंबरच्या पिस्तुलाचा कारभार असाच ठप्प व्हायला लागला. ते पिस्तूल वापरायची एक गणिताची शिक्षिका. सरस्वतीपुरममध्ये राहायची, तिथल्याच शाळेत शिकवायची, स्कूटरवरून यायची आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागायची. तिचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. माझी मराठी तिला फार पुस्तकी वाटायची आणि ती तसं तोंडावर सांगायची.

जिल्ह्याच्या महिला संघात तीन जागा असतात. ती मागची दोन वर्षं चौथी आली होती. या वर्षीची निवड चाचणी संक्रांतीनंतर होती, आणि तिने मला स्वच्छ सांगितलं होतं, "सर, यंदा तिसरी नाही आले तर सोडणार. घरी सासूबाई आजारी, शाळेत दहावीचा वर्ग. दर रविवारी सुम्ने पळून येते मी, उगीचच. चौथी येण्यासाठी किती वर्षं पळायचं?"

पहिल्यांदा पुंगळी अडकली तेव्हा तिने नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच ठेवून दुसरा हात वर केला. मी गेलो, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, आत पाहिलं. पुंगळी चेंबरमध्ये आरामात बसलेली.

"मनगट सैल पडतंय तुमचं," मी म्हणालो.

"माझं?"

"हात घट्ट नसला की स्लाइड पुरती मागे जात नाही. धक्का मनगटातच जिरतो."

"अय्यो, मी दिवसाला सहा तास फळ्यावर लिहिते. वर्गात सगळ्यात घट्ट काय असेल तर माझं मनगट. मुलांना विचारा."

"खडू वेगळा, पिस्तूल वेगळं."

"हौदा, असं का? बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी फळ्यावर गोळ्या मारल्या असत्या."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण तिने माझं ऐकलं, हेच वाईट झालं. ती शिकवणारी होती ना, शिकवलेलं ऐकायची.

आता कबूल करतो. मनगट सैल असलं की पुंगळी चेंबरमधून सुटते, पण बाहेर न उडता स्लाइडच्या खिडकीत अडकते. तिची पुंगळी चेंबरच्या आतच राहत होती. हे दोन वेगळे बिघाड आहेत. हा फरक मला माहीत होता. नव्या सभासदांना मी तो वहीत चित्र काढून समजवायचो. तरीही मी मनगट म्हणालो, कारण पिस्तूल मी साफ केलेलं होतं आणि मी साफ केलेल्या पिस्तुलात दोष असेल हे माझ्या मनात आलंच नाही.

तिने मनगटावर मेहनत सुरू केली. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरायची. एकदा मुख्याध्यापिका आत आल्या आणि "मला देताय का?" म्हणून बाटली घेऊन गेल्या. हे तिने रेंजवर अभिनयासकट सांगितलं. पकड इतकी घट्ट झाली की मुठीची बोटं पांढरी पडत. घट्ट मुठीत ट्रिगरचं बोटही आखडतं, आणि तिच्या गोळ्या डावीकडे खाली जायला लागल्या. सावकाश मारायच्या फेरीत तिचा हात आधी पाण्यासारखा स्थिर असायचा. आता लक्ष्याचा कागद चाळणीसारखा दिसायचा.

आणि पुंगळी अडकायची ती अडकतच होती. दर वीस-तीस गोळ्यांत एक.

मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, हेही सांगायला हवं. चेंबर ब्रशने घासला. पॉइंट बावीसच्या काडतुसांना मेण असतं, ते काजळीबरोबर चेंबरच्या भिंतीला चिकटतं, ते काढलं. दुसऱ्या खेपेची काडतुसं दिली. सुधारणा वाटायची आणि पुन्हा तेच. एका रविवारी ती गेल्यावर मी स्वतः त्या पिस्तुलातून तीस गोळ्या मारल्या. दोनदा पुंगळी अडकली. माझ्या हातात. मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नव्हतं. बिघाडांची नोंद ठेवायच्या वहीत लिहिलं, "काडतुसांची खेप खराब." तिच्या नावापुढे आधीच लिहिलेलं "मनगट" मी खोडलं नाही. पुढच्या रविवारी ती आली आणि मी काहीच बोललो नाही. तिने विचारलं, "सर, पकड बरी आहे ना आता?" मी म्हणालो, "अजून थोडी घट्ट."

चाचणीच्या आधीच्या रविवारी ती लवकर निघून गेली आणि मी तीन नंबर घेऊन उभा राहिलो. मॅगझिन भरलं, एक काडतूस चेंबरमध्ये चढवलं, तेवढ्यात रेंज ऑफिसरने थांबायची सूचना दिली. पलीकडच्या शेतातली गाय कुंपणातून आत आली होती. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली. आतलं काडतूस टुणकन बाहेर पडायला हवं होतं. पडलं नाही. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये तसंच, आणि स्लाइड रिकामी मागे आलेली.

गोळी झाडलेलीच नव्हती. ना धक्का, ना काजळी. मनगट सैल की घट्ट, त्याचा संबंधच नव्हता. मी हाताने ओढत होतो आणि नखी कड पकडतच नव्हती. बिघाडाचं निदान इतकं सरळ होतं. काडतूस आत आहे हे न बघता कोणी पिस्तूल पेटीत ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार वेगळाच.

ऑफिसर शेजारी उभे असताना ते काडतूस नखाने अलगद काढलं, आणि टेबलावर जाऊन पहिल्यांदाच नखी खोलली. इतकी वर्षं मी तिच्या वरून ब्रश फिरवत होतो, खोलून कधी पाहिलं नव्हतं. तिच्या खालच्या खाचेत काहीतरी घट्ट बसलं होतं. काजळी काळी असते. हे तांबूस-पिवळं होतं. सुईने खरवडलं तर खपली निघाली. नाकाजवळ नेली.

चंदनाचा वास.

खंडेनवमीला इथे सगळ्या हत्यारांची, गाड्यांची, यंत्रांची पूजा होते. आयुधपूजा म्हणतात. आमच्या ऑफिसात तर कॉम्प्युटरच्या पडद्यालाही कुंकू लागतं. क्लबातले जुने लोक पिस्तुलं बंद पेटीत ठेवून पेटीच्या झाकणावर टिळा लावत. यंदा पूजा माझ्याकडे आली. मी म्हटलं, झाकणाची कसली पूजा? घरून सहाणेवर उगाळलेलं चंदन नेलं, पिस्तुलं केळीच्या पानावर मांडली, आणि प्रत्येकाला गंध लावून वर कुंकू टेकवलं. तीन नंबरच्या स्लाइडवर उजव्या बाजूला एक सुबक खाच आहे. बोटाचं टोक तिच्यात बरोबर बसतं. मी भक्तिभावाने तिथेच लावलं, आणि चांगलं जाड लावलं. ती नखीची खाच. नंतर वरवर पुसून तेल दिलं. आत गेलेलं चंदन, कुंकू आणि तेल मिळून सिमेंटसारखं बसलं.

खाच धुतली, नखी परत बसवली, रिकाम्या डमी काडतुसांवर पन्नास वेळा ओढून पाहिली. पन्नास वेळा काडतूस बाहेर उडालं. तेव्हा मला सर्वांत आधी आनंद झाला, आणि तोही असा की आता कोणाला कळणार नाही. पिस्तूल दुरुस्त झालंय, चाचणी नीट होईल, विषय संपला. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार. बुधवारी तिचा मेसेज आला: "सर, रोज दोनशे वेळा मूठ आवळते. अजून वाढवू?"

गुरुवारी संध्याकाळी तिच्या शाळेजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, तिला बोलावलं. उभ्याउभ्या कॉफी घेत सगळं सांगितलं. चंदन सांगितलं, माझ्या हातात अडकलेल्या दोन पुंगळ्या सांगितल्या, वही सांगितली, रविवारपासूनचे चार दिवस सांगितले. कॉफीचा पेला तिने तसाच काउंटरवर ठेवला.

"म्हणजे माझं मनगट ठीक होतं."

"पहिल्यापासून."

"तुम्हाला कधी कळलं?"

"खात्री रविवारी. संशय... दीड महिना."

"दीड महिना मी बाटली धरून उभी आहे, सर. माझा मुलगा मला पुतळा म्हणतो."

"माफ करा."

"माफी नंतर. आधी सांगा, तीन दिवसांत जुनी मूठ परत येते का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "थोडी येते," मी म्हणालो. "पूर्ण नाही."

"खरं बोलायला आत्ताच सुचलं तुम्हाला," ती म्हणाली, आणि हेल्मेट घालून गेली.

रविवारी चाचणी झाली. आधी सावकाश मारायची फेरी. पहिल्या दहा गोळ्यांत ती हात सैल सोडायचा प्रयत्न करत होती, आणि मला लांबूनही दिसत होतं की बोटं ऐकत नाहीत. तीन वेळा तिने पिस्तूल उचललं आणि न मारता खाली ठेवलं. गोळ्या डावीकडे खाली. शेवटच्या दहांत हात जागेवर आला. मग जलद फेरी, लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि वळतं. तिथे विचार करायला वेळच नसतो. तिथे ती सुरेख खेळली. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. साठ गोळ्या, साठ पुंगळ्या बाहेर. माझ्या कामाचं एवढं चोख फळ मला कधी इतकं कडू लागलं नव्हतं.

ती चौथी आली. दोन गुणांनी.

मी तिच्याकडे गेलो. ती गुणांचा कागद घेऊन बाकावर बसली होती आणि पेन्सिलीने काहीतरी मांडत होती. गणिताची शिक्षिकाच ती.

"पहिल्या दहांत माझे नेहमीपेक्षा नऊ गुण गेले," ती म्हणाली. "समजा त्यातले चार माझ्या घाबरण्याचे. पाच तुमचे. बरोबर?"

"नऊच्या नऊ माझे."

"नको, एवढे मोठे होऊ नका. पाच." तिने पाचाभोवती गोल काढला.

मी म्हणालो, कमिटीला लिहून देतो, दोष माझा होता, तुमची चाचणी पुन्हा घ्यावी. ती म्हणाली, "पिस्तूल आज नीट चाललं. कमिटी काय बघणार? आणि तुम्ही पत्र मराठीत लिहाल, मला कन्नड करून द्यावं लागेल. बेडा. नकोच." मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं आता ती म्हणणार, सोडलं, येणार नाही. मी त्याचीच वाट बघत होतो, शिक्षेसारखी.

"कपाटाची चावी द्या," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"तुमचे ब्रश, तेल, हत्यारं. आजपासून तीन नंबर मी साफ करणार. चौथी आले तर माझ्या चुकीने येईन. दुसऱ्याच्या चुकीने चौथी यायचा मला फार कंटाळा आलाय."

"म्हणजे पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. चावी."

मी दिली. इतक्या वर्षांत ती चावी माझ्या जुडग्यातून पहिल्यांदा निघाली. नख मोडलं काढताना.

"आता ती नखी कशी खोलायची ते दाखवा. हळू दाखवा. आणि भाषण नको."

टेबलावर कापड अंथरलं. पिस्तूल रिकामं असल्याची मी खात्री केली, मग तिने माझ्या हातातून घेऊन पुन्हा केली. मी खीळ कशी दाबायची ते दाखवलं आणि बाजूला झालो. तिने दाबली, आणि नखीखालची तांदळाएवढी स्प्रिंग टणकन उडाली. कुठे गेली दोघांनाही दिसलं नाही.

"हे माझ्या मनगटामुळे का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग आम्ही दोघं गुडघे टेकून टेबलाखाली शिरलो आणि स्प्रिंग शोधू लागलो.